काटा पडला म्हणजे इंजिन मेलं असं नाही

मी चौथी शिकलेला माणूस आहे. त्यातली अर्धी चौथी बापासोबत तलावात जाळं ओढण्यात गेली. लिहिण्यात काही वाकडंतिकडं आलं तर येऊ द्या. पण इंजिनाबद्दल खोटं लिहिणार नाही, आणि बायकोबद्दलही नाही.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. माझा जन्म मात्र गेला धानोऱ्याच्या पुढच्या जंगलात, डोजरच्या सीटवर. एका ठेकेदाराकडे होतो. जंगलातले रस्ते, तलावाच्या पाळी, नाल्यावरचे बंधारे, काम निघेल तिथे डोजर जायचा आणि डोजरच्या मागे आमचा तंबू. पोरीचं लग्न झालं तशी बायको म्हणाली, "गावात एकटी बसून भिंती सारवू काय? मीबी येतो." आली, ती शेवटपर्यंत तंबूतच राहिली. जंगलात तिला कशाची भीती नव्हती. अस्वलाची नव्हती, ठेकेदाराची तर मुळीच नव्हती.

एका पावसाळ्यात तापानं ती गेली. नाला भरलेला होता. पूर उतरला तसं जीपमध्ये घालून नेली. दवाखान्याच्या दारात एक माणूस बाहेर आला, जीपच्या खिडकीतून वाकला, तिची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाला, "यात काही राह्यलं नाई, भाऊ. घरी न्या." खाली उतरवलं नाही, आत नेलं नाही. जीपवाल्यानं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर बराच वेळ तिचा श्वास चालू होता. घर आलं तेव्हा नव्हता. तो माणूस खरं बोलला असेल. असेलही. पण त्यानं पाहिलं किती? खिडकीतून. यापुढे मी त्यावर लिहीत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पोरगी म्हणाली, "बाबा, आता पुरे झालं. माझ्याकडे राहा." जावई चांगला, नातवंडं गोड, सगळं मान्य. पण ओसरीत खाट टाकून चहाची वाट पाहणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं. तिथे मला जो तो विचारणार, "जेवले काय? झोपले काय?" आणि मी हो म्हणत बसणार. मी झोळी उचलली आणि कामावर गेलो.

काम एका गोंडांच्या गावात होतं. पावसाळ्यात त्यांच्या तलावाची पाळ फुटली होती. पाणी वाहून गेलं होतं आणि खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये रेती पसरली होती. पुढच्या पावसाळ्याआधी पाळ उभी राहिली नाही तर गावाला ना धान, ना मासळी. गावचा पाटील माझ्याच वयाचा, हाडकुळा माणूस. तो रोज सकाळी यायचा, डोजरकडे पाहायचा आणि न बोलता जायचा.

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभा असलेला डोजर मी सुरू केला. एका झटक्यात सुरू झाला. खूश झालो. थोडं काम केलं, इंजिन तापलं, आणि समोरचा ऑइलचा काटा हळूहळू खाली बसायला लागला. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. इंजिनात ऑइल नुसतं असून भागत नाही, ते जोरानं फिरावं लागतं. तो जोर हा काटा दाखवतो. काटा तळाला गेला आणि तुम्ही तसंच दामटलं, तर आतलं लोखंड लोखंडावर घासून इंजिन जाम होतं. मी तिथल्या तिथे बंद केलं.

साइटवर ठेकेदाराचा मुन्शी होता. त्यानं चंद्रपूरहून मिस्त्री बोलावला. कोळशाच्या खाणीत मोठमोठ्या मशिनी दुरुस्त करून हात काळे झालेला माणूस, काम जाणणारा. त्यानं इंजिन तापवलं, हळू चालत ठेवलं, काटा पाहिला, कान लावला आणि खाली उतरला.

"मेन बेरिंग गेले. क्रँक घासली असन. याचे पार्ट आता भेटत नाई."

मुन्शीला एवढंच पाहिजे होतं. "बरं झालं. बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक येते. गॅसकटरनं इथीच तुकडे करू. शेट हो म्हणून राह्यले."

म्हणजे डोजर कापणार, तंबू उठणार, पाळ तशीच फुटकी राहणार आणि मी जावयाच्या ओसरीत. सगळं एका काट्यावरून ठरलं होतं.

"उघडून पाह्यलं काय?" मी विचारलं.

"काय?"

"इंजिन. उघडून पाह्यलं काय कोणी?"

"काका, काटा दिसून राह्यला नं डोळ्यानं," मुन्शी म्हणाला.

"काटा बाहेर आहे. रोग आत आहे. बाहेरून पाहून मेलं म्हणाचं, तुमच्या बापाचं काय जाते?"

 मी बापापर्यंत जाईन असं मुन्शीला वाटलं नव्हतं. मिस्त्री मात्र हसला. त्याची परतीची जीप भरून निघून गेली होती, त्यामुळे त्याला राहणं भाग होतं. त्यानं मोहाच्या झाडाखाली खाट ओढली आणि म्हणाला, "करा काका, तुमच्या मनाचं करा. मी पाहून राह्यलो."

मी सुरुवात केली. आधी डोजर सपाट जागी आणला, कारण उतारावर ऑइल मोजलं तर माणूस स्वतःलाच फसवतो. मोजपट्टी काढली. ऑइल बरोबर खुणेवर. वास घेतला, डिझेलचा वास नाही. डिझेल मिसळलं की ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि काटा पडतो. दोन बोटांत चोळलं, अंग होतं त्याला. मग एक पत्रा चुलीवर तापवून त्यावर एक थेंब टाकला. तडतडलं नाही, म्हणजे पाणी नाही.

खाटेवरून मिस्त्री ओरडला, "काका, मेलेल्याची नाडी पाहून राह्यले काय?"

"तू कवाचा आडवा पडला आहेस, तुझीबी पाहू काय?"

पाटलासोबत चार माणसं आली होती, ती हसली. पाटील हसला नाही.

मग काट्याचीच परीक्षा. कधीकधी काटाच खोटा असतो. साइटवर रोडरोलर उभा होता, त्याचा गेज काढून डोजरच्या नळीला लावला. त्यानंही तेच सांगितलं. काटा खरं बोलत होता.

मुन्शी जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "काका, जाडं ऑइल टाकू. काटा वर येते. ट्रक येईपर्यंत थोडी माती तरी लोटून होईन."

हे लई ऑपरेटर करतात. गिअरचं जाड ऑइल इंजिनात ओततात, काटा चढतो, मालक खूश. सकाळी थंडीत ते ऑइल वरपर्यंत पोचतच नाही आणि इंजिन उपाशी फिरतं. मी म्हटलं, "आजाऱ्याले पावडर लावून बसवाचं म्हणतोस काय? ते तू तुझ्या घरी कर."

आता मला खात्री होती की दोष स्प्रिंगमध्ये आहे. पंपापाशी एक झडप असते, तिच्यामागे स्प्रिंग. जोर फार वाढला तर झडप उघडून जास्तीचं ऑइल परत खाली सोडते. ती झडप कचरा अडकून उघडीच राहिली तर सगळं ऑइल अर्ध्या वाटेवरून परत. मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, "बेरिंगबिरिंग काई नाई. स्प्रिंग आहे. लिहून घ्या." झडप काढली. आरशासारखी साफ. स्प्रिंग ताठ. पुसून बसवली, सुरू केलं, इंजिन तापलं, काटा पुन्हा खाली बसायला लागला.

मुन्शी पोट धरून हसला. मिस्त्री उठून बसला. "काका, आता तुमचीच स्प्रिंग पाहून घ्या एकदा."

बंद करायच्या दांडीवर हात ठेवून मी सीटवर बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी वाटलं होतं, लोक बरोबर म्हणत असतील. मी म्हातारा झालो, डोजर म्हातारा झाला, आणि बायको गेली म्हणून मी लोखंडाला धरून बसलो आहे. पण खाली उतरलो नाही. उतरलो असतो तर संपलं असतं.

मिस्त्रीला दया आली असावी. तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी घेऊन वर आला, माझ्या हातावर थोडा खर्रा ठेवला आणि म्हणाला, "बंदच करणार आहा तर जरा रेस द्या. आवाज ऐकू एकदा मोठा."

मी रेस दिली. काटा आणखी खाली गेला.

मिस्त्रीचं चघळणं थांबलं. "सोडा." रेस सोडली. काटा किंचित वर. "पुन्हा द्या." पुन्हा खाली.

त्यानं काट्याच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "बेरिंग गेलं असतं तर उलटं झालं असतं. हळू चालते तवा पडते, रेस दिली की चढते. हे रेस दिल्यावर पडून राह्यलं. काका, पंप ओढून राह्यला, पण त्याले ऑइलच भेटून नाई राह्यलं." त्यानं खर्रा थुंकला. "आधी मी रेस देऊन पाह्यलीच नाई. खाली जाळी असते. ते तुंबली असन."

सकाळी सुरू करताना काटा चांगला का दिसतो तेही मग समजलं. इंजिन बंद असलं की जाळीवरची घाण खाली बसते. सुरू झालं, ऑइल ओढलं गेलं, की घाण पुन्हा जाळीला चिकटते.

"मग उघडाचं काय?" मी विचारलं.

"उघडा. पोट उघडा."

सांगणं सोपं आहे. डोजरच्या पोटाखाली जाड लोखंडी पत्रा असतो, दगड लागू नये म्हणून. तो काढल्याशिवाय, ज्यात ऑइल साठतं ते चेंबर खाली येत नाही, आणि त्या पत्र्यावर किती तरी हंगामांची माती दगडासारखी बसलेली. शिवाय खाली शिरायला जागा पाहिजे. तलावाचा पाट कोरडा पडला होता. मी डोजर जपून त्या पाटावर उभा केला, चाकांच्या जागच्या साखळ्यांपैकी एक या काठावर, एक त्या काठावर. मुन्शी म्हणाला, "पडला तर?" मी म्हटलं, "पडला तर कापाले सोपा."

आम्ही पाटात उताणे पडून बोल्ट सोडवले. शेवटचे दोन राहिले तेव्हा मिस्त्री म्हणाला, आता पत्रा छातीवर येईल, माणसं पाहिजेत. मी पाटलाकडे पाहिलं.  त्यानं गावाकडे तोंड करून हाळी दिली. माणसं आली, खांद्यावर बांबू घेऊन. त्यांनी पत्र्याखाली बांबू घातले, तोलून धरले आणि पत्रा हळूच खाली उतरवला. जंगलातून बांबू आणणाऱ्या माणसांना वजन कसं उतरवायचं हे शिकवावं लागत नाही.

ऑइल पिप्यात सोडलं. चेंबर काढलं. जाळी दिसली आणि मिस्त्रीच्या तोंडून शिवी निघाली. जाळी कुठे होती? काळा, लिबलिबीत थर होता, तलावातल्या शेवाळासारखा. मिस्त्रीनं तो नखानं खरवडला आणि डिझेलमध्ये धुतला. काळं निघून गेलं आणि हातात राहिल्या पानांच्या शिरा. बारीक, जाळीदार शिरा, आणि त्यात बांबूच्या सुईएवढ्या काड्या.

"हे कुठून आलं इंजिनात?" मुन्शी म्हणाला. "झाड उगवलं काय?"

पाटलानं ते हातात घेतलं, उन्हात धरलं. "पळस," तो म्हणाला.

मला पाणी प्यायची गरज वाटली. मी जाऊन प्यायलो आणि परत आलो.

जंगलात ऑइल ओतायला फनेल कुठून आणणार? सगळेच पळसाच्या पानाचा द्रोण करतात, खाली भोक पाडतात आणि त्यातून ओततात. आमच्याकडे पत्र्याचा एक फनेल होता, पण बायको तो वापरू द्यायची नाही. "अजी, थांबा. तो रेतीत लोळते दिवसभर. पानाचा करून देतो." दर वेळी ताजी पानं, धुतलेली, पत्रावळीसारखी बांबूच्या काड्यांनी टाचलेली. डोजरचं पोट तिच्यासाठी चुलीवरच्या भांड्याइतकंच साफ राहिलं पाहिजे. पान कधी टोकाला फाटायचं, काडी निसटायची, ऑइलसोबत आत जायची. गरम ऑइलमध्ये शिजून शिजून शिरा तेवढ्या उरल्या.

मी हे सांगितलं. सांगायला नको होतं असं आजही मला वाटत नाही. मुन्शी टाळी वाजवून म्हणाला, "म्हणजे काकूनं मारलं इंजिन!"

 माझ्या हातात मोठा पाना होता. तो मी खाली ठेवला.

"मिस्त्री," मी म्हटलं, "चेंबर उघडंच आहे. एक बेरिंग काढून दाखव याले."

"काका, कशाले..."

"काढ."

त्यानं बेरिंगवरची एक लोखंडी टोपी सोडवली, बेरिंगची वाटी काढून हातात दिली. मी मुन्शीच्या नाकासमोर धरली. सारखी राखाडी, कुठे ओरखडा नाही. "रेती गेली असती तर इथी नांगरल्यावानी रेघा दिसल्या असत्या. दिसते काय एक तरी? तिनं कण जाऊ नाई दिला आत. समजलं?"

"रेती नाई गेली हे खरं," मिस्त्री म्हणाला. मग त्याच्यातला मिस्त्री गप्प राहीना. "पण जाळीवालं फनेल असतं तर दोन्ही काम झाले असते, काका."

"जाळीवालं फनेल कोणाले मागत होतो मी? दर हंगामाले? सांग रे मुन्शी."

मुन्शी झाडावरच्या पाखरांकडे पाहायला लागला.

त्या शिरा आणि काड्या मी धुतलेल्या डिझेलसोबत खड्ड्यात ओतून दिल्या. पुढे पोरीला हे सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, आईच्या हातचं होतं, ठेवायचं होतं. मी म्हटलं, इंजिनातली घाण कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. तुझ्या आईनं तर मला मारलंच असतं.

जाळी धुतली, फिल्टर बदलला, जाड पुठ्ठा कापून पॅकिंग केलं, चेंबर चढवलं, नवं ऑइल ओतलं. सुरू केलं. तापू दिलं. रेस दिली. काटा उभा राहिला आणि उभाच राहिला. मिस्त्रीनं खाली वाकून कान लावला, मग वर पाहून मान डोलावली. पाटलानं विचारलं, "आता मरते काय?" मिस्त्री म्हणाला, "सध्या नाई." पाटील म्हणाला, "हिल्ले, हिल्ले," म्हणजे नाही, नाही, आणि पहिल्यांदा दात दिसले त्याचे.

बाजाराच्या दिवशी ट्रक आला. गॅसचे सिलिंडर, कटर, तीन माणसं. मागून ठेकेदाराची जीप. मी सकाळपासूनच सीटवर होतो. ट्रक तलावाकडे वळतो त्या वाटेवर मी डोजरचं माती लोटायचं ब्लेड आडवं टेकवून ठेवलं होतं, इंजिन चालू.

ठेकेदार उतरला. "काका, बाजूले घ्या. बोलणं झालं आहे माझं."

"वर या. काटा पाहा. मग कापा."

"मुन्शीनं सांगितलं मले, चालू झाला म्हणून. अशा जुन्या मशिनीचा भरवसा काय?"

"वर या म्हणतो नं शेट. का चढता येत नाई आता? पोट सुटलं?"

माणसं पाहत होती, म्हणून तो चढला. मी ब्लेड भरून माती घेतली आणि चढावर पाळीकडे लोटली. परत आलो, पुन्हा भरली, पुन्हा लोटली. पूर्ण जोर, पूर्ण गरम. तो माझ्या बाजूला दांडी धरून उभा होता, धुळीत. नजर काट्यावर. उन्हाळ्यातल्यासारखा घामाघूम झाला, पण उतरला नाही. धंदेवाला माणूस होता. चालणारी मशीन त्याला कळत होती.

"किती दिवस चालन हे?"

"ते मले काऊन विचारता? मी किती दिवस चालीन ते तरी तुम्ही सांगता काय?"

तो हसला नाही. रागावलाही नाही. खाली उतरून अंग झटकलं आणि मुन्शीला म्हणाला, "पाळ होऊ दे पुरी. मग पाहू."

कटरवाला वैतागला. "मग आम्ही काय कापावं? रिकामे जावं काय एवढ्या लांबून?"

"तिकडे तुटकी साखळी पडली आहे," मी वरून सांगितलं. "रोलरचे जुने पत्रे आहेत. मुन्शी आहे."

गावची माणसं खदखदा हसली. त्यांनीच साखळी उचलून ट्रकमध्ये टाकून दिली. निघताना ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "बुढ्या, पुढच्या वर्षी तुलेबी घेऊन जातो."

"ये. ट्रक मोठा आणजो."

मिस्त्रीही ठेकेदाराच्या जीपनं गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला, मग हात काळा आहे हे पाहून मागे घेतला. मी म्हटलं, "ठेव रे, माझा शर्ट कोण पाहते आता." त्यानं ठेवला.

ऊन उतरेपर्यंत मी माती लोटली. मागे गावातल्या बाया आणि माणसं पाळीवर चढून पायांनी, धुमसांनी माती दाबत होती. काटा वर होता. इंजिन बंद केलं तेव्हा कानात गुणगुण राहिली, ती बराच वेळ गेली नाही.

तंबूत आलो. चूल थंड होती. दिवसभर सगळ्यांशी भांडून जिंकलो होतो आणि सांगायला कोणी नव्हतं. लाकडं ओली होती, धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. तसाच खाल्ला. सकाळी पुन्हा पाळीवर गेलो.